पोटनिवडणुकीतली तार

लातूर जिल्हा अजून व्हायचा होता. अहमदपूरजवळचं आमचं गाव तेव्हा उस्मानाबादेत मोडत होतं. एकाहत्तरचा डिसेंबर. सीमेवर लढाई पेटलेली, इकडे पाऊस दगा देऊन गेलेला, आणि अशात पोटनिवडणूक येऊन पडली. खासदारसाहेबांना मुंबईत मंत्रिपद दिसलं, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. विहिरी आटल्या होत्या, साहेबांची हौस तेवढी आटली नव्हती.

मी शाळेचा मास्तर आणि गावचा पोस्टमास्तरही. मतदानाच्या दोन दिवस आधी टपालाच्या थैलीतून हिंदीत लिहिलेली तार आली. बौद्धवाड्यातल्या भीमा आणि सरजाबाईचा एकुलता नरसिंग लढाईत पडला होता. तार घेऊन निघालो, तर वाटेत सरपंच गुरुपादप्पा भेटले. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी सांगून बसलो.

"दोन दिस दम धरा, गुरुजी," ते म्हणाले. "आज कळलं तर वाड्यातलं एक माणूस मताला निघणार न्हाई. आपली दीडशे मतं हायत."

संताप आला. पण माझी बदली त्यांच्या हातात होती आणि बायकोचे दिवस भरत आले होते. तार खिशात गेली. माणूस किती स्वस्तात विकला जातो, ते मी स्वतःवरून सांगतो.

संध्याकाळी मी घरोघर वाटायच्या मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायला बसलो. गावची रीत अशी, की यादीत नाव असलं की चिठ्ठी लिहायची, मग माणूस पुण्यात असो की फौजेत. नरसिंगचं नाव आलं आणि मला पुढं लिहवेना. मी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरजाबाई शाळेत आली.

"गुरुजी, आमच्या घरच्या दोनच चिठ्ठ्या? मागच्या बारीला तीन होत्या. पोराचं नाव का गाळलं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बोलून गेलो, "फौजेतल्यांचं मत टपालानं जातं, बाई. आणि लढाई संपत आलीय. येईल तो सुट्टीवर."

ती हसली. त्या दुष्काळात कुणाला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी दोघांनी सकाळीच मत दिलं. संध्याकाळी पेट्या बंद झाल्यावर मी तार घेऊन त्यांच्या दारात गेलो. भीमा रात्रशाळेत वाचायला शिकलेला. त्यानं तार वाचली, सरजाबाईला सांगितलं. ती जागच्या जागी खाली बसली.

भीमानं तार पुन्हा बघितली.

"परवाची तारीख हाय."

मी सगळं कबूल केलं, सरपंचांचं आणि माझंही. वाटलं, यानं आता मला मारावं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं तार नीट घडी घातली.

"काल हिनं शेजारून गूळ मागून आणला," तो म्हणाला. "पोरगं येतंय म्हणून लापशी केली. आमी पोटभर खाल्ली, गुरुजी."