चौथ्या खांबातला खिळा

साठ साली पैनगंगेवर पूल झाला आणि आमच्या गावच्या लाकडी धक्क्याला कोणी विचारेना. दोन पावसाळ्यांत फळ्या वाहून गेल्या, नावेचा दोर कुजला. सागवानी खांब तेवढे चार उरले, म्हशी त्यांना अंग घासत. इकडे शाळेची पडवी खांबांवाचून अडली होती. मी सरपंच, डोकं चालवलं आणि खांब कापायला सांगितले.

पण आरेवाल्या जफरनं ते पाहून हातच जोडले. खांबांत खिळेच खिळे. ती करणी अय्यूबभाईची. तीस वर्षं त्यानं इथं नाव चालवली. पलीकडच्या मोगलाईतून नवरी इकडे उतरली, की तो तिला खांबात एक खिळा ठोकायला लावी. त्या खिळ्यावर माहेरी जायला तिला जन्मभर नाव फुकट. माझी विमलही अशीच उतरलेली.

खिळे काढायला मी अय्यूबभाईलाच बसवलं. माझी अक्कल! खिळा निघाला की तो सांगे, हा इंदूबाईचा, हा रौशनचा. बायका येऊन आपापला खिळा पदरात बांधून नेत. घरी विमल माझ्याशी बोलेना. वरणात मीठ नाही म्हटलं, तर उठून अंगणात गेली.

तिसऱ्या दिवशी नदीवर गेलो. तीन खांब मोकळे झाले होते. चौथ्यात एकच खिळा, वाकडा, गंजलेला. शेजारी विमल बसलेली.

"हा मी नाही काढत," अय्यूबभाई म्हणाला आणि त्यानं डावा अंगठा पुढे केला. नख अजून दुभंगलेलंच. "नवरी रडून राह्यली होती. मीनं खिळा धरला. तीन घाव माह्या बोटावर, चौथा खिळ्यावर."

मला हसू आलं. विमलला नाही.

"माय गेली, बाप गेला. भाऊ चिठ्ठी धाडत नाही," ती म्हणाली. "माहेर म्हणून मले आता येवढंच हाये."

मला माझी लाज वाटली. शाळेची पडवी तीन सागवानी आणि एका वाकड्या बाभळीच्या खांबावर उभी राहिली. तपासणीच्या साहेबांना मी लाकूड कमी पडल्याचं सांगितलं.

त्या भाऊबीजेला विमल ओवाळणीचं ताट घेऊन निघाली, ती नदीकडे वळली. अय्यूबभाई धुतलेली टोपी घालून खांबापाशी वाट पाहत होता. मी मागून पाट घेऊन चाललो होतो.