तापीचं वळण

"वहिनी, हाई कोनती साडी शे?" ललितनं तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"साडी न्हई रे भाऊ, धरतीनं पोट शे," पडद्यावरची नजर न काढता सुषमा म्हणाली.

ललित तिचा धाकटा दीर. सुरतेच्या उधना भागातल्या एका शेठच्या दुकानात तो कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायचा. रविवारी दुपारी दुकान रिकामं असायचं, तेव्हा शेठच्या परवानगीनं सुषमा तिथं येऊन बसायची. ज्या माउसनं आठवडाभर मोर आणि वेली निघायच्या, त्याच माउसनं ती पृथ्वीचे थर रंगवायची.

डिंडोलीच्या मराठी शाळेत ती भूगोल शिकवत होती. पोरं सगळी कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची. शाळेला कुणा व्यापाऱ्यानं एक कॉम्प्युटर दान दिला होता. तो चादरीखाली झाकलेलाच असे. सुषमानं ती चादर काढली. आदल्या पावसाळ्यात तापीनं अर्धी सुरत बुडवली होती आणि पोरांच्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून ओली वाटत होती. म्हणून तिनं आधी तापीच काढली. डोंगरातून निघालेली, खानदेशातून गाळ घेऊन आलेली, सुरतेशी वळणारी. कळ दाबली की पुढचं चित्र यायचं आणि पाणी थोडं वर चढायचं. सोबत तिनं स्वतःच्या आवाजात कॅसेट भरली. भरताना चित्र बदलायची जागा आली की ती स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटायची. वर्गात टण् ऐकू आलं की कळ दाबायची.

पहिल्यांदा तापी दाखवली त्या दिवशी एक मुलगी उभी राहून ओरडली, "बाई, हे आमच्या गल्लीतलं पाणी!"

गोष्ट पसरली. दुसऱ्या मराठी शाळांचे शिक्षक या चित्रांच्या फ्लॉपी मागायला येऊ लागले. सुषमानं कुणाला नाही म्हटलं नाही. "उतरवून घ्या. तुमच्या पोरांना कळेल तसं बदला. आणि काही नवं केलंत तर मलाही द्या." चलथाणच्या लक्ष्मण गुरुजींनी उसाच्या फडातल्या काळ्या मातीची चित्रं जोडून पाठवली, तेव्हा तिनं ते घरी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. शाळेतल्या पार्वतीला तिनं हाताला धरून माउस शिकवला. पार्वती मराठी शिकवायची. नोकरीत पक्की होती, पण कॉम्प्युटरला घाबरायची.

"ताई, करंट तर नाही ना बसत?"

"बसला तर मी आहे ना."

मार्चमध्ये सुषमाचा मुलगा कावीळ होऊन दवाखान्यात पडला. तिनं रजा घेतली. नेमके त्याच दिवसांत पर्यवेक्षक भाईदास तपासणीला आले. भूगोलाच्या तासाला पार्वतीनं कॅसेट लावली. आवाज सुषमाचा, कळ दाबणारं बोट पार्वतीचं. भाईदास खूश होऊन गेले.

सुषमाची नेमणूक तात्पुरती होती. दर जूनला ती पुढे चालू व्हायची आणि सहा वर्षांत त्यात कधी खंड पडला नव्हता. या जूनला भाईदासांनी तिला सगळ्या शिक्षकांसमोरच सांगितलं.

"बेन, तुमचं काम बहु सरस. आता भूगोल कोणी पण शिकवी शके. पार्वतीबेन घेतील तुमचे तास. वेगळा माणूस ठेवायची जरूर नथी."

"साहेब, ती फक्त चित्रं आहेत. शिकवायला माणूस—"

"तुम्हीच बोलता ना, कोणी पण वापरा?" भाईदास हसले. मागून आणखी दोघं-तिघं हसले.

सुषमानं पार्वतीकडं पाहिलं. पार्वती खिडकीचा गज नखानं खरवडत होती.

"सगळ्या फ्लॉपी मात्र जमा करून जा," भाईदास म्हणाले. "शाळेच्या आहेत."

घरी ललित भडकला. "पुशी टाक सम्दं, वहिनी!"

"कोठे कोठे पुशू? चलथानले शे, बारडोलीले शे."

"मंग कॅसेट तं मांगी ले. आवाज तं तुना शे!"

"आनि पोरंस्नी काय करनं?"

 दुसऱ्या दिवशी सुषमानं सगळ्या फ्लॉपी, वरची धूळ तेवढी झटकून, डब्यात भरून शाळेत नेऊन दिल्या. एकही मागे ठेवली नाही.

ललितनं शब्द टाकला आणि शेठनं तिला दुकानात कामाला घेतलं. दिवाळीच्या आधी पार्वती तिथं आली, घामाघूम, पदराखाली डबा धरून.

"ताई, तापी अडकली. मध्येच पडदा काळा होतो. उद्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांना दाखवायचंय."

त्या शिक्षकांच्या शिबिराला सुषमाला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं हातातली साडी बाजूला ठेवली. एक चित्र खराब झालं होतं. ते तिनं पुन्हा काढलं, पाण्याची पातळी जुळवली.

"अजून एक," पार्वती चाचरली. "शेवटच्या चित्रावर तुमचं नाव आहे. साहेब म्हणाले, तिथं फक्त शाळेचं हवं. मला नाही जमत ते."

 सुषमानं शेवटचं चित्र उघडून स्वतःचं नाव खोडलं आणि शाळेचं नाव नीट मध्यभागी बसवलं.

"पोरांनी काही विचारलं, तर कॅसेट थांबवत जा," फ्लॉपी देताना ती म्हणाली.

पार्वतीला वाटलं, तास नीट चालतो की नाही याची ताईला काळजी आहे. तिला बरं वाटावं म्हणून ती घाईनं म्हणाली, "कुणी काही विचारत नाही हो ताई आता. वर्ग एकदम शांत असतो."

सुषमानं मान हलवली. पार्वतीला रिक्षापर्यंत सोडून ती परत आली, हात धुतले, आणि पुसायला काही न शोधता ओल्या हातांनीच पडद्यावर राहिलेल्या तापीसमोर उभी राहिली.