लाल ठिपक्याची घरं

मी टॅब बोलतोय. समार बेटाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात, कचेरीत कपितानच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, खुर्चीमागे चार्जिंगला लावलेला असतो, तोच. या गावात कुणाबद्दल कुणाला नसेल एवढी माहिती माझ्यात आहे, आणि मला तिची किळस आली आहे.

दोमिंगो बेनिंगच्या विरोधात कपितानपदाला उभा राहिला, तेव्हा त्याच्या पुतण्याने मला शहरातून आणलं आणि माझ्यात एक अ‍ॅप भरलं. नकाशातल्या घरावर बोट ठेवलं की आतली माणसं कळायची : कोण आजारी, कोण परदेशी कामाला, छप्पर गळतं का. शेवटचा प्रश्न मताचा. आपल्या घराला हिरवा ठिपका, डळमळीत घराला पिवळा, विरोधकाला लाल.

घरोघरी फिरायला त्याने नेनिताला निवडलं. ती दवाखान्यातली आरोग्यसेविका. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. सगळे तिला 'माना', म्हणजे ताई म्हणत, आणि तिच्यासाठी दार उघडताना कुणी 'कोण?' असं विचारत नसे. "कुणाला काय हवंय ते कळलं, तर कामं करता येतील," असं दोमिंगोने तिला सांगितलं होतं. तिने ते खरं मानलं. मीही.

एकट्या राहणाऱ्या सियोनला गाव लोला म्हणायचं, म्हणजे आजी. उकडलेली रताळी पुढे सरकवत ती नेनिताला म्हणाली, "आधी खा, मग तुझी ती पाटी काढ."

बाकी सगळं विचारून झालं. शेवटचा प्रश्न नेनिताच्या ओठांवर अडला.

"विचार की गं! मत ना? माझं बेनिंगला. मला रक्ताची उलटी झाली, तेव्हा भर वाऱ्यात तिनेच होडी काढली होती. तुझ्याशी खोटं बोलू होय?"

"लोला, हे आपल्या दोघींतच राहील."

"मग लिही. मला कुणाची भीती?"

नेनिताने बोट टेकवलं. लोलाच्या घरावर लाल ठिपका उमटला.

बेनिंग पडली, दोमिंगो कपितान झाला. वर्ष सरायच्या आत वादळ आलं आणि निम्म्या गावाची छपरं घेऊन गेलं. सरकारकडून पत्रे आले. दोमिंगो मला मांडीवर घेऊन वाटपाला बसला. हिरव्यांना आज, पिवळ्यांना उद्या. लाल घरांवरून त्याचं बोट नुसतं घसरत गेलं.

"कपितान, लोलाचं अख्खं छप्पर गेलंय," नेनिता म्हणाली.

"मग बेनिंगला सांग की घालून द्यायला."

"आपण गरज कळावी म्हणून विचारलं होतं ना?"

"कळली की!" दोमिंगो म्हणाला आणि कचेरी खदखदून हसली. ज्यांना हसू आलं नव्हतं, ते जरा जास्तच मोठ्याने हसले. माणसांचं हे मला अजून कळलेलं नाही.

दुपारी काहीतरी निमित्त काढून नेनिताने मला दवाखान्यात नेलं आणि लोलाचं घर हिरवं केलं. बाई, नको, असं मला ओरडायचं होतं. कुणी काय बदललं, तेही माझ्यात राहतं. पण मी मुका. दुसऱ्या दिवशी पुतण्याने मला उघडलं आणि त्याला सगळं दिसलं.

नेनिताची नोकरी गेली. तिच्या घरावर पुतण्याने तिच्यादेखत लाल ठिपका ठेवला.

पुढचं मी कचेरीतल्या गप्पांत ऐकलं. तिने आपल्या स्वयंपाकघरावरचे पत्रे उतरवले आणि डोक्यावरून लोलाकडे नेले. लोला ताडपत्रीखाली बसली होती. उठली नाही.

"ठेव तिकडं," ती म्हणाली. "एवढं सांग, माझं मत मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं होतं?"

ते पत्रे अजून कुंपणापाशी गंजत पडलेत म्हणे.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. या खेपेला मला दोमिंगोची सून फिरवते. दारं हळू उघडतात, पण उत्तरं झटपट येतात. प्रश्न पुरा व्हायच्या आत हसून सांगतात, "दोमिंगोलाच!"

काल आम्ही नेनिताच्या दारात होतो. ती मासे वाळत घालत होती. तिने मला ओळखलं.

"माना, मत कुणाला?" सुनेने विचारलं.

"दोमिंगोला. हिरवं कर आणि सरक बाजूला, माशांवर सावली पडतेय."

सगळं गाव हिरवं झालंय. संध्याकाळी दोमिंगो मला बघून खूश होतो. इतका खोटा मी कधीच नव्हतो.

वाचणाऱ्यांनो, उद्या तुमच्याही दारात माझ्यासारखा कुणी येईल. आणणारं माणूस बहुधा चांगलंच असेल. त्याला पाणी द्या, बसायला द्या. मत मात्र पेटीसाठीच ठेवा.