टीव्हीचा कायमचा पत्ता

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी वरचा सा लावला आणि त्या तशाच राहिल्या. तोंड उघडं, डोळे मिटलेले, एक हात हवेत. लॅपटॉपवर वर्ग घेणाऱ्या गाण्याच्या बाईंना आधी कौतुक वाटलं, काय दमसास आहे म्हणून. मग पडद्याच्या कोपऱ्यात कसलीशी सूचना आली आणि डॉक्टरीणबाई गडप झाल्या.

"अहो, नेट गेलं," बाईंनी आतल्या खोलीकडे मान वळवून सांगितलं.

नवरोबा लगेच उठले. कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून जन्म काढल्यामुळे घरात काही बिघडलं की आपल्यालाच जाब द्यायचाय असं त्यांना वाटे. त्यांनी शिस्तीत टीव्ही बंद केला, चष्मा पुसला, राउटरसमोर स्टूल ओढलं. वायर उपसली, फुंकर मारली, परत खोचली. नेट आलं.

"धूळ होती," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी टीव्ही लावला. डॉक्टरीणबाई परत येतात न येतात तोच पुन्हा गेल्या.

मग रोज तेच सुरू झालं. स्टोअरकीपर टीव्ही बंद करून यायचे, काहीतरी खटपट करायचे, नेट यायचं. ते पाठ फिरवून आत गेले की पुन्हा बोंब. राउटर तापतो म्हणून त्यांनी तो खिडकीत ठेवला. खिडकीत वारं लागतं म्हणून फ्रिजवर. शेवटी लॅपटॉपच म्हातारा झालाय असा निकाल देऊन ते मोकळे झाले. त्यातच एक शिष्य, आपण बेसूर गायलो म्हणून बाईंनी तोंडावर वर्ग बंद केला असं समजून रुसून बसला. बाईंनी त्याची समजूत घातली. खरं तर तो बेसूरच गायला होता.

अखेर डॉक्टरीणबाईंनी फोन केला. "बाई, ती सूचना येते ना, ती वाचा तरी."

"हे म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नकोस."

"वाचा हो."

बाईंनी वाचलं. या नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राचाही पत्ता हाच आहे, असं काहीतरी होतं.

"आमच्या दवाखान्यात झालं होतं हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "राउटर प्रत्येक यंत्राला आपणहून एकेक नंबर देतो, तोच त्याचा पत्ता. तुमच्या घरात कुणी हाताने नंबर टाकलाय का?"

घरात माणसं दोन, त्यांतली एक स्वतः बाई; आणि लॅपटॉपखेरीज नेटवर चालायचा तो फक्त टीव्ही. डॉक्टरीणबाईंकडून सगळं नीट समजून घेऊन त्या आत गेल्या.

"अहो, टीव्हीला नंबर तुम्ही दिलात?"

"मग? राउटर आज एक नंबर देतो, उद्या दुसरा. याला काय व्यवस्था म्हणायची? आमच्या स्टोअरमध्ये साध्या वायसरलाही ठरलेला खण असायचा. मी टीव्हीला कायमचा नंबर देऊन टाकला."

"आणि राउटरला कळवलंत?"

"त्याला कशाला कळवायचं?"

"टीव्ही बंद असला की तो नंबर त्याला मोकळा दिसतो. तो माझ्या लॅपटॉपला देऊन टाकतो. मग तुम्ही टीव्ही लावता."

स्टोअरकीपरांनी चष्मा काढून पुसला. एकच खण दोघांच्या नावावर. असली चूक त्यांच्या हाताखालच्या माणसाने केली असती तर त्यांनी त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी दुरुस्तीला येताना टीव्ही बंद करायचो…"

"म्हणून दुरुस्त व्हायचं."

"आणि धूळ?"

"धूळ होती हो," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं संसार केला होता.

स्टोअरकीपरांनी टीव्हीच्या सेटिंगचं पान उघडलं. तिथे 'आपोआप' आणि 'हाताने' असे दोन पर्याय होते. बटणावर आलेलं बोट त्यांनी मागे घेतलं आणि रिमोट बायकोपुढे धरला.

"तूच कर. मी केलं तर आणखी काहीतरी सुधारून ठेवीन."