बाळाच्या अंगाखालचं कातडं

मित्रांनो, मी कोकराचं कातडं आहे आणि आता बरंच जुनं झालेलं आहे. माझी लोकर अजून मऊ आहे. हात फिरवणारा प्रत्येक जण 'आहा!' म्हणतो. मला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटतच नाही, म्हणून गोष्ट साधीच सांगतो.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगरापलीकडच्या खाडीवर बोर्गहिल्डची मेंढरं होती. शरद ऋतूत कोकरं कापली, मला मीठ चोळलं, चांभाराकडून कमावून आणलं आणि तारेच्या ब्रशने विंचरलं. बोर्गहिल्डच्या धाकट्या भावाला, तोरफिनला, मुलगा झाला होता. तिने मला कागदात गुंडाळून भावजयीला, इंगुनला दिलं. "बाबागाडीत घाल. थंडी खालून लागते, बरं का!"

आमच्याकडे बाळं दुपारी बाहेरच झोपतात. बर्फ असलं तरी. गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला बाबागाडी लावायची, लोकरी टोपी, लोकरी पांघरूण, आणि आई आत कामाला मोकळी. त्या बाबागाडीत मी होतो आणि माझ्यावर स्युर होता. तीन महिन्यांचा, गालावर दुधाचे डाग.

तेव्हा बाळाला पालथं झोपवायचे. आरोग्य केंद्रातली सिस्टर इंगुनला म्हणाली होती, "उताणं ठेवू नका हो, गुळणी घशात अडकेल." इंगुन नवखी आई. तिने ऐकलं. पालथा घातला की स्युर गाढ झोपायचा. सिस्टरने विचारलं, "किती झोपतो?" इंगुन म्हणाली, "दोन-दोन तास." "अगं बाई, किती गुणी बाळ!" सिस्टर म्हणाली. इंगुनचा चेहरा फुलला. माझंही कौतुक झालं. मीही फुशारलो असेन, आता आठवत नाही.

एप्रिल महिना होता. इंगुन पाव भाजत होती. तोरफिन दारातून म्हणाला, "अगं, दोन तास झाले. बघून ये जरा."

"झोपू दे रे. किती शहाण्यासारखा झोपलाय."

पाव भट्टीतून निघाले तेव्हा अडीच तास झाले होते. इंगुन हात पुसत आली, पांघरूण बाजूला केलं आणि त्याला उचललं. त्याचं तोंड माझ्या लोकरीत होतं.

डॉक्टर म्हणाले, कुणाचा दोष नाही, असं कधीकधी होतं. तो कसा झोपला होता, हे कुणी विचारलंच नाही. सगळीच बाळं तशी झोपायची.

इंगुन रडली नाही. तिने मला कोमट पाण्यात तीनदा धुतलं, सावलीत सपाट वाळवलं, ब्रश केला आणि माळ्यावर ठेवलं. मग ती बटाटे सोलायला बसली. पुढे पाच वर्षांनी तूवा जन्मली. तोवर आरोग्य केंद्राने सल्ला बदलला होता: बाळाला उताणंच झोपवा. इंगुनने त्या सल्ल्याचा कागद वाचला, चार घड्या घालून एप्रनच्या खिशात ठेवला. तूवा उताणीच झोपली. मी माळ्यावरच राहिलो.

तीस वर्षं गेली. तूवा आपल्या बाळाला, आस्लाकला घेऊन माहेरी आली. तो दर अर्ध्या तासाला उठायचा. तूवाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. नेमकी बोर्गहिल्ड आली. तिच्या तोंडाला दम कुठला!

"अर्धा तास? ही काय झोप झाली? पोट भरत नसेल, दुधात पेज कालव. आणि दुपारी झोपवूच नको, म्हणजे रात्री गप पडेल."

"आत्या, न झोपवता ठेवलं तर जास्तच किरकिरतो. पेजेचं पण सिस्टर नाही म्हणाली."

"सिस्टरला काय कळतं!" ती माळ्यावर गेली आणि मला घेऊन आली. "हे बघ, मी दिलेलं. तुझ्या आईने वापरलेलंच दिसत नाही, नव्यासारखं आहे. यावर पालथा घाल. दोन तास हलणार नाही."

तूवाने माझ्यावर हात फिरवला. "आत्या, खरंच दोन तास?"

"खोटं ठरलं तर माझी जीभ झडो!"

बाळाला उताणंच झोपवायचं, हे तूवाला ठाऊक होतं, पण ती फार थकली होती. तिने मला बाबागाडीत घातलं आणि आस्लाकला माझ्यावर पालथं ठेवलं. तो लगेच झोपला. त्याचा श्वास माझ्या लोकरीत जात होता. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

इंगुन कोंबड्यांना दाणे टाकून परत येत होती. मला पाहून ती थबकली. मग तिने आस्लाकला उचललं, मला ओढून जमिनीवर टाकलं आणि त्याला नुसत्या गादीवर उताणं ठेवलं. तो जागा झाला, रडू लागला.

"आई! आत्ता कुठे डोळा लागला होता त्याचा!"

"स्युर असाच होता," इंगुन म्हणाली. आवाज अगदी सपाट. "पालथा. याच कातड्यावर. मी अडीच तास गेले नाही बघायला. वाटलं, झोपलाय."

तूवाला भावाचं थडगं माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

"अगं, पण माझी चारही पालथीच झोपली," बोर्गहिल्ड पुटपुटली. "काही झालं का?"

"वन्सं, तुमची चारही उठली. माझा एक नाही उठला."

बोर्गहिल्डने मला जमिनीवरून उचललं. "मीच दिलं होतं गं हे."

"तेव्हा सगळेच द्यायचे." इंगुनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती रडली. तूवाने पहिल्यांदाच आईला रडताना पाहिलं.

मित्रांनो, मला खुर्चीवर टाका, पायाखाली घ्या, गारठलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीला द्या. पण झोपलेल्या बाळाखाली मला घालू नका. बाळाला उताणं ठेवा, साध्या, घट्ट गादीवर. ते दोन तास झोपत नाही म्हणून कुणी नावं ठेवली तर ठेवू द्या. सारखं जागं होणं हा बाळाचा दोष नाही.

आता मी अंगणातल्या बाकावर असतो. माझ्यावर इंगुन बसते आणि शेजारी बाबागाडी असते. अर्धा तास होतो न होतो तोच आत चुळबुळ होते, मग भोकाड.

"उठलास?" इंगुन म्हणते. "शहाणं गं माझं बाळ ते!"