माझ्या पाठीवरचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगाला लसणाचा वास येतो. कितीही धुतलं तरी जात नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या वासापाशी येऊन अडते.

एरंडोलच्या एका माध्यमिक शाळेतली मी जुनी बडजी. खानदेशाबाहेरच्या मुलांना बडजी माहीत नसेल. वांग्याचं भरीत ठेचायला एका अख्ख्या ओंडक्यातून कोरून काढलेलं लाकडी भांडं म्हणजे बडजी. दिसायला होडीसारखी, वजनाला मात्र दोघांनी उचलावी अशी. जीवराम सुतारांनी मला बाभळीतून कोरलं तेव्हा ते आठ दिवस माझ्यावर पटाशी चालवत होते आणि आठही दिवस बाभळीच्या कडकपणाला शिव्या देत होते. त्या शिव्या मी कौतुक समजून ऐकल्या. पुढे तोताराम नानांनी मला शाळेला भेट दिलं. नाना केळीचे बागायतदार, शाळेच्या संस्थेतले जुने माणूस. शाळेतली सगळी पोरं वर्षातून एकदा तरी एका पंगतीला बसली पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता.

त्या पंगतीसाठी मी वर्षातून एकदा बाहेर निघायची. डिसेंबरात हिरवी-पांढरी, हातभर लांब वांगी यायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर ती भाजायची, सोलायची आणि माझ्या पोटात पडायची. मग मुसळ, हिरवी मिरची, लसूण आणि वरून कांद्याची पात. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. हेडमास्तर बदलले, पंगती बदलल्या, पण "भरीत खावं तर या बडजीतलं" हे वाक्य दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मी वर्षभर वाट पाहायची.

वर्षभर, कारण उरलेले दिवस मी अडगळीच्या खोलीत पालथी पडून असायची. सोबतीला मोडके बाक, फुटका ढोल आणि नाटकातले पुठ्ठ्याचे मुकुट. यांच्यात बोलकं कोणी नाही. अशात एका जुलैत, मधल्या सुट्टीत, दार किलकिलं झालं आणि नववीतली एक मुलगी आत आली. तिने माझ्या पाठीवर रुमाल अंथरला, रुमालावर डबा ठेवला आणि एकटीच जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही आली. मला तर चैन पडेना. बाहेर एवढं मोठं मैदान, कडुनिंबाची सावली, पोरींचे घोळके, आणि ही इथे धुळीत का? डब्यातून कडाकडा मोडल्याचा आवाज यायचा. असा आवाज करणारं जेवण कोणतं? आणि जेवताना ही दाराकडे का बघते? मी ठोकळा असले तरी चौकस ठोकळा आहे. मी कान लावून बसले.

तिचं नाव पलक. वडील प्रकाशचंद धुळ्याहून इथे आले होते, डाळीच्या दुकानासाठी. दादी धुळ्यालाच राहिली होती. हे मला मंजुळाबाईंकडून कळलं. मंजुळाबाई शाळेतल्या शिपाई, आणि झाडू मारताना सगळ्या शाळेची खबर स्वतःशी बोलण्याची त्यांना सवय आहे. बाकीचं खिडकीबाहेरच्या पोरींकडून कळलं. "तिला भाजी दिली तर घेत नाही. आपला हात लागलेलं चालत नाही वाटतं. लई भाव खाते." हे त्या हळू बोलत नव्हत्या. आत पलकचा घास हातातच राहिला.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, कोडंही पडलं. भाजी का घेत नसेल?

डिसेंबर आला. त्या वर्षी शाळेत विद्यार्थी कल्याण समिती नव्याने उभी राहिली होती. ज्योत्स्ना मॅडम तिच्या प्रमुख आणि नववीची नूतन विद्यार्थी प्रतिनिधी. शाळेत कोणी एकटं राहायला नको, असं ठरलं. भरिताच्या पंगतीतही कोणी वगळलं जायला नको, असं ठरलं. नूतनने मनावर घेतलं. पलक जैन आहे, एवढं तिला ठाऊक होतं. मला तिने गरम पाण्याने चार वेळा धुतलं, राखेने घासलं आणि जाहीर केलं, "आधी पलकचं भरीत. कांदा नाही, लसूण नाही. मग आपलं." पहिली चार वांगी तिने स्वतः ठेचली. मुसळाने तिच्या तळहाताला फोड आला. ते भरीत वेगळ्या वाडग्यात काढलं, वर कागद लावला, कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'पलकसाठी'.

मीही फुशारले. एवढं कोण कोणासाठी करतं?

पंगत सात वाजता बसली. अंधार पडला होता, मैदानात दिवे लावले होते. पलक नवा ड्रेस घालून आली होती आणि पहिल्यांदाच वर्गातल्या मुलींच्या शेजारी बसली होती. मी पंगतीच्या टोकाला होते, मला तिचा चेहरा दिसत होता. ती हसत होती. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चंदनने माईक घेतला. चंदन कार्यक्रमाचा निवेदक, आवाज खणखणीत. "आता आपल्या पलकने पुढे यावं! तिच्यासाठी खास जैन भरीत बनवलेलं आहे! जोरदार टाळ्या!"

चारशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. पलक उठली, पुढे आली. नूतनने वाडगा पुढे केला. पलकने वाडग्याकडे पाहिलं, काळ्या आभाळाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "मी नाही खाऊ शकत."

"अगं, कांदा-लसूण नाहीये यात!"

"तरी नाही."

टाळ्या थांबल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "बघ, म्हटलं नव्हतं?" नूतनचे डोळे भरले. पलक वळली आणि फाटकाकडे चालू लागली. तो वाडगा शेवटी माझ्या कडेला तसाच राहिला. कोणी खाल्लं नाही आणि कोणी टाकलंही नाही.

मंजुळाबाईंनी दोन पोरांना हाताशी धरून मला पुन्हा खोलीत पालथं घातलं. आता ती येणार नाही, असं मी धरूनच चालले होते. मी कोण आहे हे तिने पाहिलं होतं ना! इतके दिवस जिच्यावर डबा ठेवला ती लसणात मुरलेली बडजी निघाली. पण सोमवारी दार किलकिलं झालं. तिने रुमाल दुहेरी घडी करून अंथरला आणि डबा ठेवला. मित्रांनो, त्या दुहेरी घडीने मला रडू आलं असतं, पण वाळलेल्या लाकडाला ते जमत नाही.

त्याच दिवशी मंजुळाबाई झाडू घेऊन आत आल्या आणि तिला पाहून थबकल्या.

"काय व माय, आठे एकली कसाले बसनी?"

इथे एकटी का बसलीस, या प्रश्नाने पलक दचकली. मग म्हणाली, "थोडेच दिवस, मावशी. शनिवारी पप्पा दाखला न्यायला येणार आहेत. मी धुळ्याला दादीकडे जाणार."

मंजुळाबाईंनी झाडू काखेत मारला. बाहेर गेल्या आणि व्हरांड्यातून हाक आली, "नूतन! जराशी ये व. हाई बडजी सरकाडनी शे, माले एकलीले जड पडस."

बाई साफ खोटं बोलत होत्या. मला सरकवायचं काही कारण नव्हतं.

नूतन आली आणि दारातच उभी राहिली. पलक डबा झाकायला लागली. मंजुळाबाई दाराबाहेर झाडत राहिल्या, तीच फरशी पुन्हा पुन्हा.

"तू रोज इथे जेवतेस?" नूतनने विचारलं.

"हो."

"ते काय आहे?"

"खाखरा."

नूतन दोन पावलं आत आली. मग नूतन म्हणाली, "तू त्या दिवशी का नाही खाल्लंस? माझ्या हाताला फोड आला होता."

"दिवस मावळल्यावर मी जेवत नाही. आमच्या घरी कोणीच नाही जेवत. आणि आम्ही वांगंसुद्धा नाही खात, त्यात बिया फार असतात म्हणून. मी पाच वाजताच जेवून आले होते. मला फक्त तुमच्यात बसायचं होतं."

नूतन मटकन बाकावर बसली. "मला वाटलं, कांदा-लसूण काढला की झालं. सांगितलं का नाहीस आधी?"

"कोणी विचारलंच नाही," पलक म्हणाली. "कागदावर माझं नाव लिहिलं, पण मला नाही विचारलं."

मी इतकी जुनी, इतक्या पंगती पाहिलेली. मीसुद्धा पाच महिने 'का, का' करत बसले होते, पण मला निदान तोंड नव्हतं. ज्यांना तोंड होतं त्या चारशे जणांचं काय?

"आणि भाजी घेत नाहीस, ते?"

"त्यात लसूण असतो. तुमचा हात लागतो म्हणून नाही." पलकने डबा पुढे सरकवला. "तू माझं खाऊ शकतेस."

नूतनने खाखरा मोडला. कडाड! एवढा मोठा आवाज झाला की दोघी दचकल्या आणि मग हसत सुटल्या. बाहेरचा झाडू थांबला.

शनिवारी प्रकाशचंद आले. भिंतीपलीकडे ज्योत्स्ना मॅडमची खोली आहे, मला सगळं ऐकू आलं. दाखल्याचा अर्ज टेबलावर होता. मॅडमनी समजूत घातली नाही, भाषणही दिलं नाही. त्या म्हणाल्या, "चूक आमची झाली. पलक, तुला काय हवंय?" माझा जीव टांगणीला लागला होता. मग पलकचा आवाज आला, "पप्पा, परीक्षेपर्यंत थांबू या का?" प्रकाशचंदांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. फाडला नाही. खिशात ठेवला.

फेब्रुवारीत पुन्हा एक पंगत ठरली, तेव्हा नूतन वर्गावर्गात वही घेऊन फिरली आणि प्रत्येकाला विचारत सुटली. काय खातोस, काय खात नाहीस, केव्हा खातोस? वहीत भलभलतं निघालं. एकाला साखर चालत नव्हती, एकाला गर्दीत घास उतरत नव्हता. आणि नववीतल्याच शाहीनचे रोजे चालू होते. पलकला दिवस मावळायच्या आत जेवायचं, शाहीनला दिवस मावळल्यावर! नूतन डोक्याला हात लावून बसली. शेवटी मार्ग त्या दोघींनीच काढला. पंगत साडेचारला सुरू करायची आणि उठवायचीच नाही.

मी भरिताने काठोकाठ भरले होते. पलकने माझ्यातलं काही घेतलं नाही, घेणारही नव्हती. ती चटईवर बसून घरचं जेवली. तेव्हा शाहीन उपाशीपोटी तिच्याजवळ गप्पा मारत बसली. मग सूर्य गेला, शाहीनने खजूर तोंडात टाकला, माझ्यातलं भरीत पुरीवर घेतलं, आणि पलक तिच्या शेजारून हलली नाही. चंदनने माईकवरून कोणाचंच नाव घेतलं नाही. फाटकाशी प्रकाशचंद तिला न्यायला आले होते. ते बराच वेळ नुसते उभे राहिले, हाक मारली नाही. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले.

मी पुन्हा खोलीत आहे. पालथी. मधल्या सुट्टीची घंटा होते, मी दाराकडे कान लावते, आणि दार बंदच राहतं. मंजुळाबाई मला चिडवतात, "आते तुले सोबत नही व बडजी." खरं आहे. करमत नाही मला. धूळ परत साचली आहे आणि माझ्या पाठीवर कोणी रुमाल अंथरत नाही.

मित्रांनो, मला असंच एकटं राहू द्या. पण तुमच्या शाळेतही एखादी अडगळीची खोली असेल. मधल्या सुट्टीत तिथून डबा उघडल्याचा आवाज आला, तर दार लोटा, आत जा, शेजारी बसा आणि विचारा. तिथल्या लाकडाला विचारता येत नाही.