चौथ्या मजल्यावरची दोघं

इमारतीच्या दाराशी मुंगी शिरायला जागा नव्हती. दुरुस्तीसाठी ड्रोनने टिपलेले शेकडो फोटो जोडून दर्शनी भिंतीचं एकच भलंमोठं चित्र तिथे लावलं होतं, आणि जो तो चौथ्या मजल्याच्या खिडकीवर बोट ठेवत होता. खिडकीत घड्याळवाले काका दिसत होते आणि त्यांच्या शेजारी, पुसटशी, डोक्यावरून शाल घेतलेली बाई. काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. शाल त्यांचीच, हे शेजारणींनी लगेच ओळखलं.

तिथे गल्लीतले बुवा टपकले नसते तरच नवल. ड्रोन आत्म्याच्या उंचीवरून उडतो, म्हणून आपल्याला दिसत नाही ते त्याला दिसतं, असा त्यांनी खुलासा केला. आत्म्याची उंची नेमकी चौथा मजलाच कशी, हे कोणी विचारलं नाही. काकांनी खोली सोडली तर काकू कायमच्या जातील, असंही त्यांनी बजावलं. भिंत तर कधीही ढासळेल अशी होती. इमारत रिकामी व्हायची होती, लेक न्यायला येणार होती, आणि काकांनी तिला फोनवर सांगून टाकलं, "मी येत नाही. तुझी आई इथेच आहे."

हे त्या चित्रासाठी फोटो जोडणाऱ्या मुलीच्या कानावर आलं. एकटीच बसून तिने ते चित्र जुळवलं होतं, सगळं लक्ष भेगांवर. खिडक्यांतल्या माणसांकडे तिने पाहिलंच नव्हतं. लॅपटॉप घेऊन ती थेट काकांच्या खोलीत गेली. बुवा आणि लोक मागोमाग वर आले.

तिने दोन मूळ फोटो शेजारी शेजारी मांडले. फोटोंच्या कडा एकमेकींवर बसवाव्या लागतात, तिने सांगितलं. भिंत हलत नाही, म्हणून ती नीट बसते. दोन फोटोंच्या मध्ये माणूस हलला, तर तो दोनदा उमटतो, एकदा ठळक, एकदा पुसट. इथे तर मध्ये ड्रोनची बॅटरी बदलण्यात बराच वेळ गेला होता. एका फोटोत काका शालीत होते, दुसऱ्यात शालीशिवाय. बाई कुठल्याच फोटोत नव्हती.

यंत्राचा काय भरवसा, असं बुवा पुटपुटले. सकाळपर्यंत त्याच यंत्राला दिव्य दृष्टी होती, याची शेजारणीने आठवण करून दिली. बुवांना एकदम जिना आठवला.

"काका, तुम्ही शाल घेता का?" फोटो जोडणारीने हळूच विचारलं.

काकांनी खुंटीकडे पाहिलं. "सकाळी घेतो. अजून तिचा वास येतो."

मग त्यांनी आधी एका फोटोवर, नंतर दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे दोन्हीकडे मी एकटाच."

"हो, काका." तिचाही जीव तुटला, पण खोटं सांगवेना.

काकांनी शालीची घडी करून पिशवीत ठेवली आणि लेकीला फोन लावला.

खोली माणसांनी भरली होती. त्यातली बहुतेक वर्षभरात पहिल्यांदाच हा उंबरठा ओलांडून आली होती. भूत बघायला चार मजले चढता येतात, तर म्हाताऱ्याची विचारपूस करायलाही येतात. चमत्कार कानावर आला की मूळ फोटो मागा, हे तर कराच. पण त्याआधी शेजारचं दार वाजवा. तुम्ही गेला नाहीत, की बुवा जातो.